हरळीवरचे भाषण

कळंब, ता. ४ ऑक्टोबर १९४५

कळंब तालुक्यातल्या मराठी माणसांनो! तुमचे आणि माझे दुःख एकच आहे. निजामाच्या या राज्यात मराठी माणसाला मराठीत ओरडायचे असेल, तर आधी उर्दूत अर्ज करावा लागतो!

(ही वही खासगी आहे. समोर सभा नाही. बायको, द्वारका, ज्वारी पाखडते आहे आणि तिची माझ्याकडे पाठ आहे. पण मला समोर माणसे असल्याशिवाय वाक्य सुचत नाही, तेव्हा दैनंदिनीसुद्धा सभेलाच उद्देशून लिहावी लागते.)

तर सभाजनहो, आज विजयाचा दिवस! 'वज्राघात' या नावाने पत्र काढायला परवानगी मागितली, ती नाकारली. 'रणझुंजार' नाकारले. 'ज्वालामुखी'च्या अर्जाला तर कचेरीने उत्तरसुद्धा दिले नाही. शेवटी मी गनिमी कावा केला. 'शिवार' नावाचे शेतीविषयक पाक्षिक काढतो, असा अर्ज ठोकला आणि मंजुरी आली. एकदा परवानगी हातात पडली की आत काय छापायचे ते मी बघतो. शेतीविषयक! मला गहू आणि ज्वारी ताटात आल्यावरच वेगळी ओळखू येतात.

एकच अट आहे. प्रत्येक अंकाबरोबर त्याचा उर्दू गोषवारा तहसील कचेरीत दाखल करायचा. तो कचेरीतले मुन्शी महांतप्पा करणार. महांतप्पा सज्जन गृहस्थ. कपाळावर विभूती आणि विभूतीवर कायम घाम. मी त्यांना बजावले, "माझा एक शब्दही सौम्य करायचा नाही, महांतप्पा. आग ती आग!"

"व्हय आण्णा, आग ती आग," ते म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितले.

गोषवारा मी स्वतः तपासणार नाही. पुण्याला कॉलेजात असताना मी शपथ घेतली होती की लादलेल्या भाषेचा एकही शब्द कानात शिरू देणार नाही. त्यासाठी माझ्या खिशात नेहमी कापूस असतो. महांतप्पांनी विचारले, "आण्णा, अर्ज, मंजुरी, हुकूम, हे शब्द मग कुठले?" मी खिशातला कापूस काढून कानांत घातला.

ता. २० ऑक्टोबर

पहिला अंक निघाला! अग्रलेखाचे नाव 'पेटा!' गुंडाप्पाचा छापखाना एरवी लग्नपत्रिका छापतो. निम्मा अग्रलेख जुळवून झाल्यावर तो हात पुसत बाहेर आला.

"आण्णा, उद्गारचिन्हं संपली."

"संपली म्हणजे?"

"लग्नपत्रिकेत एक लागतं. तुम्ही एका वाक्याला तीन तीन लावताव. आता प्रश्नचिन्हं लई पडून हायत. ती लावू का?"

वेळ नव्हता. हो म्हणालो. त्यामुळे अग्रलेखाचा उत्तरार्ध असा छापला गेला आहे: 'उठा? जागे व्हा? किती दिवस सहन करणार आहात?' शेवटचे वाक्य तेवढे बरोबर आले आहे.

तरीही हा लेख वाचून सरकार मला अटक केल्याशिवाय राहणार नाही. पिशवी भरून ठेवली. दोन धोतरे, दाढीचे सामान, इटलीच्या एका क्रांतिकारकाचे चरित्र आणि शेंगदाण्याचे लाडू.

ता. २ नोव्हेंबर

आज अमीन आले! पोलिसांचे अमीन दस्तगीरसाहेब स्वतः, पायी, माझ्या दारात. मी कोट चढवला, पिशवी उचलली आणि म्हणालो, "मी तयार आहे."

"कुठं निघालाव?" त्यांनी विचारले आणि ओसरीवर बसले. मग खाली वाकून हळूच म्हणाले, "आण्णा, माझ्या ज्वारीवर मावा पडलाय. तुमच्या पेपरात ते राखेचं काय म्हनलाव?"

हे लोक चौकशीची सुरुवात अशीच आडून करतात, हे मी वाचलेले आहे. मी छाती पुढे काढून म्हणालो, "राखेतूनच ज्वाला उठतील, असे मी लिहिले आहे. आणि ते मी परत घेणार नाही!"

"राख व्हय, राखच. पण लाकडाची का गोवऱ्यांची?"

"अन्यायाखाली जळालेल्या रयतेच्या हाडांची!"

दस्तगीरसाहेब विचारात पडले. एवढ्यात आतून द्वारकाचा आवाज आला, "गोवऱ्यांची, भाऊ. चाळून घ्या. सकाळी दव असतानाच उधळा."

"हां. शुक्रिया, ताई," ते म्हणाले, चहा प्यायले आणि निघून गेले. लाडवांतले दोन खाल्ले. अटक नाही.

मला वाटते, ते माझ्या धैर्याची परीक्षा घेत होते. माझ्या घरात एकाएकी राखेची चर्चा करणाऱ्या बायकोला मात्र समज दिली पाहिजे.

ता. १८ नोव्हेंबर

महांतप्पा अंकाच्या आदल्या दिवशी येतात, अग्रलेख वाचतात, घाम पुसतात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसतात. द्वारकाचे माहेर तेरचे, तेरणेच्या काठी तिच्या वडिलांची शेती. दोघांच्या गप्पा तासन्‌तास चालतात. आज मी पुढच्या अंकातले 'पोखरलेले सिंहासन' मोठ्याने वाचून बघत होतो, तर आतून ऐकू आले:

"अय्यो शिवने, वहिनी, ह्याचं काय करू? सिंहासन पोखरलंय म्हनत्यात."

"मग हरभऱ्यातली घाटेअळी घाला."

मी आत डोकावून विचारले, "कशात घाला?"

"तुम्ही लिहा," द्वारका म्हणाली.

महांतप्पा म्हणाले, "आण्णा, तुमचे विचार लई जड हायत. उर्दूत उचलायला येळ लागतो, म्हनून इथं बसतो." त्यांची ही तळमळ पाहून मला भरून आले. एका कारकुनाच्या मनात मी ठिणगी टाकली आहे!

ता. ९ डिसेंबर

अपमान! कल्याणप्पा आला होता. कल्याणप्पा म्हणजे ईट गावचा संपादक, माझा जुना सोबती. त्याचे पत्र बार्शीला, इंग्रजी हद्दीत छापतात, कारण तिथे निजामाचा हुकूम चालत नाही. नुकताच त्याला भूमच्या कोठडीत ठेवून सोडले. त्याचा बैल तिथल्या तहसीलदाराच्या बागेत शिरला आणि फुलकोबी खाऊन गेला, एवढेच कारण. पण बार्शीच्या मंडळींनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि 'तुरुंगातून परतलेला सिंह' म्हणून मिरवणूक काढली.

"बैलाने केलेल्या गुन्ह्याचा हार तुझ्या गळ्यात कसा?" मी विचारले.

"बैल माझा, विचारबी माझेच," तो म्हणाला. मग माझ्या पिशवीकडे बघून हसला. "महारुद्रा, एवढे अंक काढलेस आणि अजून घरचंच जेवतोस? फेब्रुवारीत बार्शीला संपादकांचं संमेलन हाय. अध्यक्ष तुलाच करणार होतो. पण मंडळी म्हणतात, आत जाऊन आलेला माणूस पाहिजे. तुझ्याकडं दाखवायला काय हाय?"

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हते. लाडूसुद्धा संपले होते.

सभाजनहो, मला खुर्चीचा मोह नाही. पण पस्तिशी उलटली. वडिलांनी दिलेले दुकान मी या वेडापायी बंद केले. मी जे लिहितो ते कुणाला टोचते आहे, एवढी एक खूण मला हवी आहे. एक बेडी. लहानशी चालेल.

ता. ३ जानेवारी १९४६

घात झाला! सरकार माझा सत्कार करणार आहे!

कळंबला शेतकी प्रदर्शन भरते आहे. त्यासाठी धाराशिवहून (सरकारी कागदावर उस्मानाबाद, मी लिहिणार नाही) खुद्द तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे सर्वांत मोठे अधिकारी, येणार. त्यांच्या हस्ते 'शिवार'च्या संपादकाला जरीचा फेटा! कारण काय, तर 'रयतेची बहुमोल सेवा'.

हा डाव मी ओळखला. मला तुरुंगात टाकायची त्यांची छाती नाही, म्हणून मला विकत घेतात! उद्या बार्शीत म्हणतील, महारुद्र सरकारचा झाला. माझे आजवरचे सगळे लिखाण एका फेट्यात बांधून पुरले जाईल.

महांतप्पा धावत आले. विभूती पार वाहून गेली होती.

"आण्णा, पाया पडतो. त्या दिवशी तुम्हाला ताप येऊ द्या."

"मी जाणार! आणि तिथेच, त्यांच्या मांडवात, त्यांच्या तोंडावर बोलणार!"

"मराठीत?"

"अर्थात मराठीत!"

"साहेबाला मराठी येत न्हाय. मग तर्जुमा कोन करनार?"

"तुम्हीच, महांतप्पा! तुमच्याइतके माझे मन कुणाला कळले आहे?"

ते खालीच बसले. द्वारका त्यांच्यासाठी गुळाचे पाणी घेऊन आली. मला म्हणाली, "भाषणात काय बोलणार ते मला आधी सांगून ठेवा."

आयुष्यात प्रथमच तिने माझ्या भाषणात रस घेतला. मी तिला सगळे म्हणून दाखवले. महांतप्पाही ऐकत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि द्वारका म्हणाली, "हरळी."

मी म्हणालो, "काय?"

"काही न्हाय. परसात लई माजलीय."

ता. २० जानेवारी

आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सुवर्णदिन! जसा घडला तसा लिहितो.

मांडवात कणसे, वांगी, दोन शेपट्यांचा एक मुळा. समोर सगळे कळंब. वाणी, शेतकरी, बायाबापड्या, गावोगावचे पाटील. आमच्या माणसांना मराठीही कळते, बाजारात उर्दूही बोलतात आणि निम्म्यांच्या घरी कन्नड. व्यासपीठावर तालुकदारसाहेब. नवेच आलेले, हैदराबादेकडचे, गोरेपान, उत्साही. शेजारी महांतप्पा घाम पुसत उभे. ठरले असे की मी एक वाक्य बोलायचे, मग त्यांनी उर्दूत सांगायचे. त्यांनी तोंड उघडले की मी दोन्ही कानांत कापूस घालायचा. शपथ ती शपथ.

मी गरजलो, "दोनशे वर्षे ही राजवट आपल्या जमिनीत मुळे पसरून बसली आहे!"

मांडव गार. मी कापूस घातला. महांतप्पा बोलले. आणि काय सांगू, त्यांचे बोलणे संपताच सगळा समाज हलला! बायांनी पदर तोंडात कोंबले. माणसे एकमेकांच्या खांद्यांवर कोसळली. लोक रडत होते! सिद्रामप्पा किराणावाला तर पोट धरून खाली बसला, इतके त्याला असह्य झाले.

मी कापूस काढला. "ती आपल्या तोंडचा घास खाते, आपले पाणी पिते!"

पुन्हा तेच. महांतप्पा बोलले की हुंदक्यांची लाट. दस्तगीरसाहेब मांडवाच्या खांबाला टेकून, टोपी तोंडावर धरून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. पोलिसालासुद्धा अश्रू आवरेनात!

"वरवर कापून भागणार नाही! ती पुन्हा उगवेल! बंधूंनो, भगिनींनो, मुळासकट उपटून टाका!"

या वाक्यानंतर जे घडले ते कुणाला खरे वाटणार नाही. तालुकदारसाहेबांनी महांतप्पांना काही विचारले, मग ताडकन उठले, मूठ वर केली आणि मोडक्या मराठीत ओरडले, "मुळासगट... उपटून टाको!"

मांडव फाटला. "उपटून टाको!" सगळे कळंब ओरडले. साहेबांना जोर चढला. ते पुढे आले, दोन्ही मुठी उंचावल्या, "उपटून टाको!" लोक पुन्हा ओरडले. पोरे, म्हातारे, पाटील, सगळे. निजामाचा तालुकदार निजामाच्या मांडवात माझी घोषणा देत होता!

मग त्यांनी माझ्या डोक्यावर फेटा चढवला आणि मला मिठी मारली. मी प्रतिकार केला नाही. तो आता सरकारचा माणूस राहिला नव्हता. निजामशाहीचा एक खांब आज एका भाषणाने पडला!

ता. २१ जानेवारी

सकाळी मी द्वारकाला म्हणालो की तालुकदार आता राजीनामा देऊन चळवळीत येतील, त्यांच्या जेवणाची सोय आपल्याकडे करावी लागेल.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अहो, कानातला कापूस काढा आणि ऐका."

मग तिने सांगितले.

हरळी! शेतातले ते चिवट तण! मी राजवट म्हणालो, महांतप्पा हरळी म्हणाले. मी मुळे म्हणालो, ते हरळीच्या काशा म्हणाले. साहेबाला हरळीचे भाषण इतके पटले, की जाताना त्यांनी जिल्हाभर हरळी उपटायचा हुकूम काढायचे ठरवले आहे. आणि हे एकदाच नव्हे. पहिल्या अंकापासून! 'पेटा!' म्हणजे माव्यावर राख. 'पोखरलेले सिंहासन' म्हणजे घाटेअळी. शेतीतले सगळे द्वारकाने सांगितले आणि महांतप्पांनी उर्दूत उतरवले. कचेरीने ते गोषवारे गावोगाव वाचून दाखवले. लोकांचे पीक सुधारले. त्याचा हा फेटा.

"म्हणजे लोक रडत नव्हते?"

"न्हाय."

"सगळ्यांना दोन्ही भाषा कळत होत्या?"

"तुम्ही आणि साहेब सोडून सगळ्यांना."

सभाजनहो, मी भर सकाळी पांघरूण ओढून आडवा झालो. द्वारका दोनदा कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला.

मग मी उठलो. "आजच जाहीर करतो! कचेरीत जातो आणि सांगतो की मी राजद्रोही आहे, माझ्यावर अन्याय झाला आहे!"

"जावा की," ती म्हणाली. "पिशवी बांधलेलीच हाय. ती तेवढी महांतप्पांच्या घरी पोचवा. आत तेच जातील. तुमच्याआधी."

"तू असे का केलेस?"

तिने भाकरी उलटली. "तुम्हाला हार पाहिजे होता. मला तुम्ही पाहिजे होताव."

ता. २८ जानेवारी

जे हवे होते ते सगळे आज एकदम दारात आले.

प्रदर्शनाच्या दिवशी कल्याणप्पा गर्दीत होता. त्याने माझे मराठी भाषण शब्दन्‌शब्द बार्शीच्या आपल्या पत्रात छापले आहे. मथळा: 'तालुकदाराच्या तोंडून क्रांतीचा मंत्र वदवणारा महारुद्र!' सगळी उद्गारचिन्हे जागच्या जागी! आणि खाली, संमेलनाचे अध्यक्षपद मला. त्याने सोबत निरोप पाठवला: 'आता तुला आत जायचीबी गरज न्हाय. पण बहुतेक जाशील.'

मी तो अंक छातीशी धरून परसात फिरलो. परसात खरेच हरळी फार आहे.

ता. ३० जानेवारी

दस्तगीरसाहेब आले. ओसरीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"आण्णा, वरून हुकूम आलाय. बार्शीचा पेपर धाराशिवला पोचला. साहेब लई चिडलेत. उद्या त्यांचा एक माणूस येतोय. पंढरपूरकडचा हाय, मराठी पक्की येती. सगळ्यांचे जबाब घेनार. भाषण काय झालं, मुन्शीनं तर्जुमा काय केला."

"मग?"

"मग काय? तुम्ही राजवट म्हनलाव हे ठरलं, तर तुम्ही आत जाताल. वर्षभरानं हार घालून बाहेर. पन महांतप्पा सरकारी नोकर. सरकारला फसवलं म्हनून त्याला कायमचा खड्ड्यात घालतील. आन त्याला बघून न बघितल्यासारखं केलं म्हनून मलाबी." ते थोडे हसले. "माझी ज्वारी मातुर यंदा झकास आलीय."

मी विचारले, "माझे छापलेले अंक? ते तर मराठीतच आहेत. ते वाचले की सगळे उघड होईल."

दस्तगीरसाहेब आणि द्वारका एकमेकांकडे बघू लागले. शेवटी द्वारका म्हणाली, "अंक कुठं हायत? सिद्रामप्पा सगळे घेऊन जातो. पुड्या बांधायला. तुमचा कागद जाड असतो म्हणून लोक खूश हायत."

"सगळे?"

"गुळाला लई चांगला."

"आणि कचेरीतले?"

"ते बकरीनं खाल्ले," दस्तगीरसाहेब म्हणाले. "काल. म्याच घातले."

म्हणजे साऱ्या तालुक्यात 'शिवार'चे अंक आता एकाच ठिकाणी उरले होते. माझ्या फडताळात, लाल फडक्यात, ओळीने लावलेले.

मी ते काढले. 'पेटा!' वर होता. न्हाणीच्या चुलीत एकेक घातला. महांतप्पा उंबऱ्यावर बसून मुसमुसत होते, या वेळी खरेखुरे. मी त्यांना म्हणालो, "रडता कशाला? तुम्हीच म्हणालात ना, आग ती आग?" पाणी चांगले तापले. द्वारकाने राख चाळून डब्यात भरली.

कल्याणप्पाला निरोप धाडला: 'तुझी काहीतरी चूक झाली. मी हरळीवर बोललो. अध्यक्षपदाला दुसरा शोध.' तो मला भेकड म्हणून छापेल. मोठ्या टाइपात छापेल. खिशातला कापूस मी द्वारकाला वातींसाठी दिला.

आता अंधार पडायच्या आत पारावर जायचे आहे. लोकांना बोलावणे केले आहे. बोलायचे ते इथेच लिहून घेतो, म्हणजे तिथे वाहवत जाणार नाही.

कळंबच्या मराठी माणसांनो! आणि कन्नड घरांतल्या, उर्दू घरांतल्या माणसांनो! मी तुम्हाला आजवर पेटायला सांगितले, तुम्ही पेटला नाहीत. उठायला सांगितले, तुम्ही बसूनच राहिलात. माझे अग्रलेख तुम्ही गुळाला गुंडाळून घरी नेलेत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थोडी आहे, पण ती नंतर. आज तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती जन्मात पहिल्यांदा माझे ऐकून करा. उद्या सकाळी तो माणूस तुमच्या दारात येईल आणि विचारील, महारुद्र मांडवात काय बोलला? ज्या भाषेत विचारील त्या भाषेत सांगा: हरळीवर बोलला.

आणि सांगताना हसू नका.